पंचावाचून चालणारा खेळ



लहानपणी विटी-दांडू, गोट्या किंवा लगोरी खेळला नाही असा माणूस आपल्यात विरळा. आणि जो हे खेळ खेळला, त्याने ते एक ठरलेले भांडणही केलेच असणार. “लागली!” “नाही लागली!” “अरे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली!” “तुझे डोळे आहेत की बटणं?” मग कोणी शपथ घ्यायची, कोणी रुसून बसायचे, आणि ज्याची विटी तोच ती खिशात घालून घरी निघाला म्हणजे खेळ आटोपला. याला आपण रडीचा डाव म्हणतो. शाळेतल्या गुरुजींना विचारा. मधल्या सुट्टीनंतर वर्गात जी मुले फुरंगटून बसलेली असतात, त्यांतली निम्मी तरी या ‘लागली – नाही लागली’ची असतात.

आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यातले मुख्य साधन नेमके याच भांडणातून निघाले. फरक एवढाच, की भांडणारी पोरेसोरे नव्हती, चांगली बाप्ये माणसे होती; आणि जागा होती अमेरिकेतले कॅलिफोर्निया राज्य.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. डिस्क म्हणजे चकती. गोल्फ हा आपल्याकडे साहेबलोकांचा खेळ म्हणून ठाऊक आहे. विस्तीर्ण हिरवळ, हातात काठी, लहानसा पांढरा चेंडू, आणि दूरवर जमिनीत एक भोक. कमीत कमी टोल्यांत चेंडू त्या भोकात घालायचा. आपली पोरे मातीत गल करून गोट्या खेळतात, त्याच खेळाचा हा थोरला आणि श्रीमंत भाऊ म्हणा ना! डिस्क गोल्फमध्ये मात्र काठी नाही, चेंडू नाही, आणि जमिनीत भोकही नाही. हाताने चकती फेकायची. जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. असे करत करत, झाडांमधून, ओढ्यावरून, चढ-उतारावरून ती एका लोखंडी टोपलीत नेऊन टाकायची. अशा टोपल्या एका मैदानात बहुधा नऊ किंवा अठरा असतात. अठराही टोपल्या पुऱ्या करायला ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. संपला नियम!

आता ही टोपली कशी असते ते सांगतो, कारण तिच्यातच गोम आहे. एक खांब जमिनीत रोवलेला. त्याला साधारण कमरेच्या उंचीवर जाळीची टोपली. खांबाच्या माथ्याशी एक कडे, आणि त्या कड्यापासून टोपलीपर्यंत चहूबाजूंनी साखळ्या लोंबत सोडलेल्या. वेगाने आलेली चकती या साखळ्यांवर आदळते, तिचा जोर मरतो, आणि ती खाली टोपलीत पडते. पडताना जो खळ्ळकन आवाज होतो तो या खेळाच्या वेड्यांना देवळातल्या घंटेपेक्षा गोड लागतो म्हणतात.

पण पहिल्या मैदानावर ही साखळ्यांची टोपली नव्हती. १९७५ साली लॉस एंजेलिस शहराजवळ, ला कन्याडा फ्लिंट्रिज नावाच्या गावी, ओक ग्रोव्ह नावाच्या सार्वजनिक बागेत एड हेड्रिक या गृहस्थांनी कायमचे असे पहिले मैदान आखले. ओक वृक्षांची ती बाग डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि तिच्या शेजारीच अमेरिकेची अंतराळयाने जिथून चालवली जातात ती मोठी प्रयोगशाळा आहे. एका बाजूला मंगळाकडे यान धाडणारी मंडळी आणि दुसऱ्या बाजूला झाडांत चकत्या धाडणारी मंडळी, असा तो शेजार! तर या बागेत हेड्रिक यांनी लक्ष्य म्हणून नुसते खांब रोवले होते. चकती खांबाला लागली की झाले.

आणि मग व्हायचे तेच झाले. चकती खांबाला घासून गेली की वाऱ्याने नुसती जवळून गेली? शंभर पावलांवरून कोणाला नक्की दिसणार? “लागली!” “नाही लागली!” मित्रामित्रांत रोज हीच कटकट. शेवटी हेड्रिक यांनी आपल्या मुलाला मदतीला घेऊन साखळ्यांची टोपली तयार केली. १९७७ साली तिचे पेटंटही त्यांच्या नावावर झाले. आता वाद घालायला जागा उरली नाही. चकती टोपलीत किंवा साखळ्यांत विसावली असेल तर पोचली, खाली पडली असेल तर नाही. भांडण मिटवण्यासाठी माणसाने कोर्ट काढले, पंचायत काढली. या गृहस्थाने साखळ्या लटकावल्या.

हे हेड्रिक मूळचे खेळण्यांच्या व्हॅम-ओ नावाच्या कंपनीतले. फ्रिस्बी नावाची प्लास्टिकची उडती थाळी आपल्याकडच्या शहरांतही मुले एकमेकांकडे फेकताना दिसतात. ती याच कंपनीची. थाळीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे घालून ती हवेत स्थिर राहील अशी सुधारणा हेड्रिक यांनी केली. परंतु थाळी फेकण्याची मूळ कल्पना त्यांची नव्हे, आणि खरे म्हणजे ती कोणा एकाचीच नाही. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाच्या घराण्याची बेकरी होती. तिच्या पाय नावाच्या गोड पक्वान्नाबरोबर पत्र्याच्या ताटल्या यायच्या, आणि खाऊन झाल्यावर विद्यार्थी त्या एकमेकांकडे भिरकावत असत. त्यावरून ते नाव पडले. कॅलिफोर्नियात वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन नावाच्या तरुणाने १९३७ साली लाह्यांच्या डब्याचे झाकण फेकून खेळायला सुरुवात केली. पुढे केकची ताटली समुद्रकिनाऱ्यावर फेकत असताना एका माणसाने ती २५ सेंटना मागितली. दुकानात ती ताटली ५ सेंटना मिळत होती! मॉरिसनच्या डोक्यात धंदा शिरला तो तिथे. मध्ये महायुद्ध आले. तो वैमानिक होता, जर्मनांच्या कैदेतही राहून आला. परत आल्यावर त्याने प्लास्टिकच्या थाळ्या केल्या, आणि १९५७ च्या जानेवारीत व्हॅम-ओ कंपनीने त्या बाजारात आणल्या.

मला मात्र याहून जुनी एक हकीकत अधिक आवडते. कॅनडात सस्कॅचेवान म्हणून गव्हाचा मोठा मुलूख आहे. तिथल्या ब्लॅडवर्थ नावाच्या खेड्यात १९२६ च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांनी एक खेळ काढला होता. डब्यांची पत्र्याची झाकणे घ्यायची, आणि शाळेच्या आवारातल्या वाळूत चार-चार फुटांची वर्तुळे आखून त्यांत ती फेकत फेकत न्यायची. ‘टिन लिड गोल्फ’, म्हणजे झाकणांचे गोल्फ, असे त्याला नाव दिले होते. ना कंपनी, ना पेटंट, ना पैसा. मुले मोठी झाली, पांगली, आणि खेळ तिथेच राहिला. पुढे पन्नास वर्षांनी जो खेळ जगाला ‘नवा’ म्हणून मिळाला, तो एका खेड्यातल्या शाळेच्या अंगणात आधीच खेळून झाला होता! आपल्याही अंगणांत असे किती खेळ जन्मून मेले असतील, कोण जाणे.

असो. साखळ्यांनी ‘लागली – नाही लागली’ हा वाद मिटवला. पण एकच वाद मिटवला. बाकीचे शिल्लक होतेच. फेकताना पाय रेषेच्या पुढे गेला की नाही? चकती झाडीत पडली ती नेमकी कुठे? या टोपलीला किती फेकी लागल्या, चार की पाच? चार माणसे रानात हिंडताहेत. त्यांच्यामागे पंच कुठवर धावणार? अठरा टोपल्या, शंभर खेळाडू, म्हणजे पंचवीस टोळ्या, आणि प्रत्येक टोळी वेगळ्या झाडीत.

इथे या खेळाने जे केले ते मला विशेष वाटते. त्यांनी पंचगिरी खेळाडूंनाच देऊन टाकली. मोठ्या सामन्यांत अधिकारी असतात, पण रोजचा कारभार खेळाडूंच्या अंगावरच असतो. टोळीतल्या एकाने म्हणायचे, “तुमचा पाय पुढे गेला.” टोळीतल्या दुसऱ्याने म्हणायचे, “होय, मीही पाहिले.” म्हणजे दंड लागू. एकट्याच्या बोलण्यावर दंड होत नाही, आणि दोघांनी म्हटल्यावर कुरकुर चालत नाही. प्रत्येक टोपली झाली की ज्याने त्याने आपल्या फेकी मोठ्याने सांगायच्या. शेवटी कागदावरचा आकडा चुकीचा निघाला, तर दोन फेकी वाढवून दंड. 

फेकायला तीस सेकंद मिळतात. दुसरा फेकत असताना बोलायचे नाही, हलायचे नाही. जो टोपलीपासून सर्वांत लांब आहे त्याचा नंबर पहिला. टोपली दहा मीटरच्या आत आली की फेकल्यावर तोल सांभाळून उभे राहायचे. तोल जाऊन पाऊल पुढे पडले तर ती चूक. मध्ये झाडाची फांदी येत असेल तर ती मोडायची नाही, वाकवून बाजूला धरायची नाही; आपणच वाकायचे. झाडाझुडपांची नासधूस करणे हा नियमभंग, आणि कचरा टाकणे हाही नियमभंग.

पण या सगळ्यांत एक नियम असा आहे, की तो मी प्रथम वाचला तेव्हा दोनदा वाचला. चकती हरवली तर ती शोधायला तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात सापडली नाही तर एका फेकीचा दंड. आता विचार करा. माझ्या प्रतिस्पर्ध्याची चकती हरवली तर फायदा कोणाचा? माझा. मी बाजूला झाडाखाली सावलीत उभा राहून घड्याळाकडे बघत राहिलो तर काय बिघडले? तर बिघडते! प्रतिस्पर्ध्याची चकती शोधायला मदत करायला नकार देणे हा सौजन्याचा भंग मानला जातो. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलेत तर तुम्हालाच दंड. म्हणजे ज्याला हरवायचे आहे, त्याचीच हरवलेली वस्तू गुडघाभर गवतात, काट्याकुट्यांत वाकून शोधायची, आणि सापडली तर “ही घ्या” म्हणून हातात द्यायची. असा कायदा दुसऱ्या कुठल्या खेळात असल्यास मला ठाऊक नाही.

सामना नसतानाही हीच रीत चालते. प्रत्येक शौकीन आपल्या चकतीच्या पोटावर शाईने आपले नाव आणि टेलिफोन नंबर लिहून ठेवतो. तळ्यात, झाडीत, गटारात चकत्या हरवायच्याच. ज्याला सापडेल तो त्या नंबरावर कळवतो. पुष्कळ मैदानांजवळच्या दुकानांतून आणि क्लबांतून सापडलेल्या चकत्यांची पेटीच ठेवलेली असते. सगळेच कळवतात असे नाही, हेही सांगितले पाहिजे. तळ्यात बुड्या मारून चकत्या काढायच्या आणि नाव पुसून विकायच्या, असा उद्योग करणारेही आहेत, आणि शौकिनांच्या गप्पांत चकतीचोरावर जेवढा राग निघतो तेवढा हरल्याचाही निघत नाही. नवी चकती फार महाग नसते. मग एवढा राग का? हाताला बसलेली चकती म्हणजे धार लावून वापरलेल्या विळ्यासारखी असते. दुसरा विळा मिळतो. तो हात मिळत नाही.

चकत्यांचेही एक वेडच आहे. पूर्वी सगळ्यांची थाळी एकच. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी काठ उतरता, सुरीच्या पात्यासारखा निमुळता असलेली चकती केली, आणि खेळाचे रूप पालटले. ती कितीतरी लांब जाऊ लागली. आता लांब फेकीची वेगळी, मधल्या पल्ल्याची वेगळी, टोपलीजवळ हलक्या हाताने टाकायची वेगळी, अशा जाती झाल्या. वजन साधारण १६५ ते १७५ ग्रॅम. दोनशेच्या वर चालत नाही. वाळवंटातल्या वाऱ्याला पाठीशी घेऊन २०१६ साली एका तरुणाने ३३८ मीटर चकती फेकल्याची नोंद आहे. म्हणजे बांधावरून फेकावी आणि चौथ्याच्या शेतात पडावी! खरे पाहता नवशिक्याला एक चकती पुरते, फार तर तीन. पण या मंडळींच्या पाठीवरच्या पिशवीत वीस-वीस चकत्या असतात, आणि घरी भिंतीला टांगलेल्या वेगळ्याच. आपल्याकडे बैलांच्या शौकिनाला घुंगरमाळा किती पुरतात? तसेच ते.

विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींसाठी इथे थोडे थांबतो. चकती उडते कशाने? दोन गोष्टींनी. वरून फुगीर आणि खालून पोकळ असल्यामुळे पुढे जाताना हवा तिला उचलून धरते. पण नुसते उचलून भागत नाही. न फिरवता फेकलेली थाळी लगेच कोलांटी खाते. मनगटाच्या झटक्याने तिला गरगर फिरवले की ती भोवऱ्यासारखी आपला तोल धरते. आता गंमत बघा. उजव्या हाताने, छातीपासून बाहेर अशी फेकलेली चकती वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, आणि वेग मंदावला की न चुकता डावीकडे वळते. वाऱ्यामुळे नव्हे, वारा नसला तरी वळते. वेग कमी झाला की हवा चकतीचे नाक वर उचलू पाहते. पण गरगरणाऱ्या वस्तूला एका दिशेने ढकलले तर ती तिकडे न जाता आडव्या अंगाला कलते. वर्गात हे दाखवायचे असेल तर सायकलचे सुटे चाक आणा. दोन्ही हातांनी आस धरून एका मुलाला उभे करा, दुसऱ्याला चाक जोराने फिरवायला सांगा, आणि मग पहिल्याला म्हणावे, “आता आस एका बाजूला कलती कर.” चाक भलतीकडेच ओढ घेते. मुले हे एकदा हाताला जाणवले की विसरत नाहीत. चांगला खेळाडू ही डावी ओढ आधीच हिशेबात धरतो. झाडाच्या उजव्या अंगाने चकती सोडतो आणि ती झाडाला वळसा घालून टोपलीकडे येते.

या शौकिनांच्या आपसातल्या चालीरीतीही मजेदार आहेत. क्लबातला प्रत्येक जण एक नंबरी बिल्ला घेतो आणि पिशवीला टांगतो. खेळायच्या आधी चौघांनी आपापले बिल्ले पणाला लावायचे. ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो त्यातला सर्वांत लहान नंबर घेऊन जातो. एक नंबरचा बिल्ला असा हातोहात फिरत राहतो. कधी शाळामास्तराकडे, कधी सुताराकडे, कधी सोळा वर्षांच्या पोराकडे. एखाद्याची पहिलीच फेक थेट टोपलीत गेली, तर सोबतचे सगळे त्या चकतीवर सह्या करतात आणि ती पुन्हा सहसा खेळात येत नाही, भिंतीवर जाते. ऐन हिवाळ्यात, बर्फातसुद्धा, ‘आइस बोल’ नावाचे सामने ठिकठिकाणी भरतात आणि त्यातून भुकेल्यांसाठी अन्न व पैसा गोळा करतात. आणि खुद्द हेड्रिक? १९७६ साली खेळाडूंची जी संघटना निघाली तिचे ते एक नंबरचे सभासद. २००२ साली ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या ओतल्या. आपल्याला हे ऐकून कसेसेच वाटेल. मलाही वाटले. पण माणसाची शेवटची इच्छा ती, आपण काय बोलावे?

आज जगात या खेळाची पंधरा हजारांच्या वर मैदाने आहेत. त्यांतली बहुतेक अमेरिकेत, आणि पुष्कळशी सार्वजनिक बागांतून असून तिथे खेळायला तिकीट लागत नाही. गोल्फची हिरवळ राखायला पाणी किती लागते, माणसे किती लागतात! इथे गवत कापले नाही तरी चालते. खडक, चढ, झाडी ही तर शोभाच. टोपल्या रोवणे, पायवाटा करणे, दगड रचणे ही कामे बहुधा क्लबातली माणसेच रविवारी कुदळ-फावडे घेऊन करतात. फिनलंड, एस्टोनिया अशा थंड, जंगली देशांनीही हा खेळ उचलला आहे. २०२५ ची जागतिक स्पर्धा फिनलंडमध्येच झाली.

एका गावाचे मात्र विशेष सांगायला हवे, कारण ते आपल्या श्रोत्यांच्या जवळचे आहे. कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आत. भोवताली गवताळ टेकड्या, गुरांची कुरणे, आणि अखंड वारा. १८६३ साली या गावी शिक्षक घडवणारे नॉर्मल स्कूल निघाले. त्याचेच आज विद्यापीठ झाले आहे. उत्तम शिक्षकांचा सन्मान करणारी राष्ट्रीय संस्थाही याच गावात आहे. असे हे गुरुजींचे आणि गुराख्यांचे गाव. तिथे २००५ साली एका विद्यार्थ्याने चकत्या विकण्याचा उद्योग सुरू केला आणि पाहता पाहता गावाची ओळखच बदलली. दर वसंतात मोठी स्पर्धा भरते. भररस्त्यात टोपल्या मांडून संध्याकाळी जत्रा चालते. गावात एक पीटर पॅन नावाची बाग आहे. विल्यम ॲलन व्हाइट हे तिथले नामांकित संपादक. त्यांची लहान वयाची मुलगी मेरी १९२१ साली घोड्यावरून जाताना अपघात होऊन गेली. तिच्या आठवणीसाठी आईबापांनी ही जमीन गावाला दिली. त्या बागेतही आज टोपल्या रोवलेल्या आहेत. २०२२ ची जागतिक स्पर्धा याच गावी झाली, आणि स्त्रियांत एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटार पहिल्या आल्या.

आता दुसरी बाजू. सार्वजनिक बाग काही एकट्या खेळाडूंची नसते. लेकुरवाळ्या बाया, म्हातारीकोतारी, कुत्रे फिरवणारे, पक्षी बघणारे सगळे तिथे येतात. नव्या निमुळत्या काठाची चकती डोक्यात बसली तर टेंगूळ येऊन भागत नाही, टाके पडतात. खेळाडू आरोळी देतात. पण आरोळी ऐकून वर बघणाऱ्याच्याच तोंडावर ती बसायची! झाडांच्या बुंध्यांवर वर्षानुवर्षे मार बसून साली निघतात, एकाच ठिकाणी पायांनी तुडवून माती दगडासारखी होते आणि पावसात वाहून जाते. यावरून काही गावांत तंटे झाले, अर्ज गेले, मैदाने रद्दही झाली. समंजस क्लब बुंध्यांना कवच बांधतात, मुळांवर लाकडाचा भुसा पसरतात, वाटेजवळची टोपली हलवतात. माझे मत विचाराल तर इथे फिरायला येणाऱ्यांची तक्रार खरी आहे. स्वतःच्या टोळीत पाऊल पुढे पडले तर दंड घेणाऱ्यांनी, टोळीबाहेरच्या माणसाचे पाऊलही पाहिलेच पाहिजे.

आणि पैसाही आला. २०२० च्या साथीत उघड्यावरचा आणि अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून याच्याकडे लोक लोटले. पॉल मॅकबेथ हे अनेक वेळा जगज्जेते झालेले खेळाडू. २०२१ साली एका चकती कंपनीने त्यांच्याशी दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला. बाग फुकट आणि खेळाडू कोटीचा! त्याच वर्षी युटा राज्यात ऑग्डेन इथे जागतिक स्पर्धा झाली. शेवटची टोपली उरली होती. मॅकबेथ एका फेकीने पुढे. त्यांच्या मागे जेम्स कॉनरॅड. कॉनरॅडना बरोबरी साधायची तर एकच मार्ग होता: जिथे उभे आहेत तिथून चकती थेट टोपलीत. अंतर २४७ फूट. म्हणजे पाऊणशे मीटर! मध्ये झाडे. भोवती माणसांचे कडे, सगळे गप्प. त्यांनी चकती सोडली. ती फिरत आली, आणि खळ्ळ! लोकांच्या आरोळीत साखळ्यांचा आवाज बुडून गेला. बरोबरी झाली, पुढच्या जादा टोपलीवर कॉनरॅड जिंकले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एवढ्या मोठ्या फेकीचा निवाडा करायला कोणाची साक्ष काढावी लागली नाही. चकती टोपलीत पडलेली होती. पन्नास वर्षांपूर्वीसारखा नुसता खांब असता तर? “लागली!” “नाही लागली!” – आणि या वेळी मध्ये जागतिक पदक!

शाळेत हा खेळ खेळता येईल का, असे कोणी गुरुजी विचारतील. येईल. लोखंडी टोपल्या नकोत. पत्र्याची झाकणे मात्र नकोतच, काठाने हात कापतो. खाली वळलेला चांगला काठ असलेली प्लास्टिकची थाळी घ्यावी. सपाट झाकण नीट उडत नाही. लक्ष्याला झाडाच्या फांदीला टांगलेला सायकलचा जुना टायर चालेल, पालथी पाटी चालेल, नाही तर ब्लॅडवर्थच्या मुलांसारखी चुन्याने चार फुटांची वर्तुळे आखावीत. रस्ता, विहीर आणि लहान मुलांचा वर्ग यांच्याकडे तोंड करून एकही लक्ष्य ठेवू नये. चार-चार मुलांच्या टोळ्या कराव्या, प्रत्येक टोळीला एक थाळी आणि एक पाटी-पेन्सिल द्यावी. फेकी त्यांनीच मोजाव्या, मोठ्याने सांगाव्या. हरवलेली थाळी चौघांनी मिळून शोधावी. गुरुजींनी लांब लिंबाखाली बसावे.

वर्तुळाच्या रेषेवर पडलेली थाळी आत धरायची की बाहेर, एवढे मात्र खेळ सुरू होण्याआधी मुलांकडून ठरवून घ्या.